मुलींची फायनल नाण्यावर

रविवारी सकाळी सहाला मेघाच्या हॉलमध्ये सोफ्यावर अठ्ठावीस शाली होत्या, खाली तेवढेच नारळ आणि कोपऱ्यातल्या पिशवीत सहा चेंडू. तिचा नवरा अभय शाली तिसऱ्यांदा तपासत होता. चेंडू त्यानं एकदाही पाहिले नव्हते.

“अहो, चेंडूंतले दोन चिरलेत,” मेघा म्हणाली.

“चालतात गं. शाल कमी पडली तर माणसं वर्षभर तोंड फिरवतात.”

असा हा सगळा कारभार! चिकलठाण्याच्या त्या नव्या वसाहतीत पिकलबॉल येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. बॅडमिंटनएवढं कोर्ट, कमरेएवढं जाळं, फळीसारखी बॅट आणि भोकाभोकांचा प्लास्टिकचा चेंडू. आजोबांपासून नातीपर्यंत कुणालाही जमेल असा साधा खेळ. पण आपल्याकडं खेळ रुजायच्या आधी त्याची समिती उगवते. इथं ती एकोणीस जणांची होती. फ्लेक्सवर एकोणीस चेहरे. त्यातल्या चौघांना तरी बॅट धरता येत असेल का, शंकाच. सगळ्यात मोठा चेहरा अध्यक्ष विश्वजीतचा, गॉगलसकट. अभय सचिव.

मेघाची दहा वर्षांची संस्कृती आज पहिल्यांदा स्पर्धेत उतरणार होती. बारा वर्षांखालच्या मुलींत आठ नावं होती. पोरगी पाचलाच उठून बूट घालून बसलेली. मेघाच्या जिवाला मात्र घोर. मार्चचं ऊन, पोरीचं नाक फुटायची सवय, तिथलं पाणी कसलं असेल कोण जाणे. तिनं दोन टोप्या, ओला रुमाल आणि साखर-मिठाच्या पाण्याची बाटली घेतली. सावली किती वाजेपर्यंत कुठं असते हे ती आदल्या दिवशीच जाऊन पाहून आली होती. समितीतल्या एकालाही हे सुचलं नव्हतं.

पत्रिकेवर छापलं होतं, ‘ठीक आठ वाजता’. आठला मैदानावर “हॅलो, माईक चेक” चाललं होतं आणि पहिल्या कोर्टच्या दोन खांबांना लाल फीत बांधलेली होती. ती कापायला एक बडे साहेब येणार होते. या साहेबांचा खेळाशी संबंध काय? काही नाही! विश्वजीतला त्यांच्याशी ओळख वाढवायची होती, एवढाच.

“वहिनी,” विश्वजीत घाईनं आला, “मुलींना गेटवर घ्या. ओळीत. फुलांची ताटं तिकडं ठेवलीत.”

“पण पहिली मॅच मुलींचीच आहे ना?”

“मॅच काय पळून चालली का? पोरींशिवाय स्वागत शोभतं का कुठं!”

मुलं मागच्या कोर्टवर हात मोकळे करत होती. मुली गुलाबाच्या पाकळ्यांची ताटं धरून गेटवर उभ्या. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तासही झाला. साहेब “निघालेत” असं दर पाच मिनिटांनी माईकवरून कळत होतं.

ओळीत संस्कृतीच्या शेजारी विशाखा उभी होती. अकरा वर्षांची, सडपातळ, खुलताबादजवळच्या एका वस्तीवरून पहाटेच्या एसटीनं आलेली. तिचा बाप कडुबा शेळ्या राखायचा आणि लोकांच्या शेतात कामाला जायचा. विशाखाच्या शाळेतल्या खेळाच्या बाई, सुकेशनी खरात, यांनी पटांगणात चुन्यानं कोर्ट आखून पोरींना हा खेळ शिकवला होता. बॅट गावच्या सुतारानं फळीतून कापून दिलेली. आजच्या स्पर्धेच्या अंपायरही सुकेशनीबाईच होत्या, कारण अख्ख्या समितीत नियम कुणालाच येत नव्हते.

कडुबा बराच वेळ गेटजवळ उकिडवा बसला होता. शेवटी उठून मेघाजवळ आला.

“ताई, एक इचारू का? माझी पोर खेळाया आली का आरती ओवाळाया?”

मेघानं नजर चुकवली. “होईल हो सुरू आता.”

“व्हय, सकाळपून तेच ऐकून ऱ्हायलो.”

दहाला दहा कमी असताना साहेब उगवले. फीत कापली. मग सत्कार सुरू झाले. मंडपवाल्याचा सत्कार, फ्लेक्सवाल्याचा सत्कार, समितीच्या एकोणीस जणांनी एकमेकांना घातलेल्या शाली! अंपायरबाईंचं नाव यादीत नव्हतं. साहेबांनी भाषणात खेळाला तीनदा टेबल टेनिस म्हटलं आणि तिन्ही वेळा समितीनं टाळ्या वाजवल्या.

पहिला चेंडू उडाला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. कुणाची मॅच कधी, कुठं, याचा कागद नव्हता. ज्याचा आवाज मोठा त्याला कोर्ट! आधी पुरुष घुसले, मग मुलं. मुलींना उरलेलं, कडेचं, उन्हातलं कोर्ट आणि अकराऐवजी सात पॉइंटच्या मॅचेस. तरीही पोरी खेळल्या. संस्कृती दोन मॅच जिंकून फायनलला गेली. दुसऱ्या बाजूनं विशाखा आली.

दोन वाजता साहेब जेवून परतले. मुलांची फायनल तीन गेमची, निवांत पार पडली. मग विश्वजीत घड्याळ बघत मेघाकडं आला.

“वहिनी, साहेबांना तीनला निघायचंय. मुलींची फायनल टॉसवर करून टाकू. दोघी आपल्याच लेकी, कुणीही जिंको. आणि ऊन बघा की केवढं!”

मेघानं संस्कृतीकडं पाहिलं. पोरीचे गाल लालबुंद झाले होते, ओठ सुकले होते. मेघा म्हणून गेली, “बरं. करा.”

कडुबाला कुणी विचारलं नाही. सुकेशनीबाईंनाही नाही. विश्वजीतनं खिशातून नाणं काढलं, उडवलं आणि जाहीर केलं, “विजेती, संस्कृती!” मंडपातून टाळ्या आल्या.

मेघाला सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर आनंदही झाला. पण संस्कृती हसेना.

“आई, मी जिंकले म्हणजे मी काय केलं?”

“अगं, कप मिळतोय ना तुला.”

पलीकडं कडुबा लेकीची बॅट पिशवीत घालत होता. “चल बाय. तू नाण्यात हरली, खेळात नाय,” असं तो म्हणाला आणि उपरण्यानं तिचं तोंड पुसू लागला. विशाखा रडत नव्हती. नुसती कोर्टकडं बघत होती.

इतक्यात सुकेशनीबाई तरातरा आल्या.

“मेघाताई, तुम्ही हो म्हणालात?”

“ऊन बघा ना हो, मॅडम! पोरीला चक्कर आली असती तर?”

“आठ वाजता ऊन होतं का?”

मेघा हातातला ओला रुमाल पिळू लागली.

“आठला पोरी ताटं धरून उभ्या होत्या. ते ऊन सूर्यानं नाही, या समितीनं आणलं. आणि ऊन फक्त मुलींनाच लागतं का? मुलांच्या फायनलला नाणं का नाही काढलं कुणी?”

“पण मी आई आहे. मला काळजी वाटते.”

“वाटायलाच पाहिजे. मग सकाळी का नाही वाटली? तेव्हा म्हणायचं होतं, माझी पोर ताट धरणार नाही. आपण आयाच अशा! पोरींना थांबवलं की गप्प बसतो आणि त्यांचा खेळ काढून घेतला की म्हणतो, जाऊ दे, ऊन आहे.” बाईंचा आवाज खाली आला. “एक सांगा. नाणं उलटं पडलं असतं, तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या?”

उत्तर मेघाला माहीत होतं. नाणं उलटं पडलं असतं तर तिनंच मैदान डोक्यावर घेतलं असतं! दुसऱ्याच्या लेकीवर झालेला अन्याय तिला सावलीसारखा गार लागला होता.

माईकवर नाव पुकारलं गेलं. साहेब कप घेऊन उभे, फोटोग्राफर वाकलेला. मेघा संस्कृतीचा हात धरून स्टेजवर गेली आणि कपाऐवजी तिनं माईक घेतला.

“हा कप आम्ही घेणार नाही! ही मॅच झालेलीच नाही!”

अभय धावत आला. “मेघा, काय चाललंय? साहेब उभे आहेत!”

“राहू द्या उभे. आपल्या पोरी जवळजवळ दोन तास उभ्या होत्या.”

“वहिनी, स्पर्धेची इज्जत जाईल!” विश्वजीत दबक्या आवाजात म्हणाला.

“ज्या स्पर्धेत अंपायरला विचारायच्या आधी अध्यक्ष नाणं काढतो, तिची कसली इज्जत भाऊ? तुमच्या शाली संपल्यात, तुमचे फोटो झालेत. आता मैदान मोकळं करा. पोरींना खेळायचंय!”

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग मुलींच्या आया उठल्या. साहेबांनी कप टेबलावर ठेवला आणि ते गाडीकडं निघाले. त्यांना निरोप द्यायला एकोणीसपैकी चौदा जण पळाले. मैदान एकदम प्रशस्त वाटायला लागलं.

“आत्ता नाही खेळवायचं,” सुकेशनीबाई म्हणाल्या. “दोघींना सावलीत बसवा, पाणी द्या, थोडं खाऊ द्या. पाचला ऊन उतरेल.”

“मंग आमची गाडी हुकती,” कडुबा म्हणाला.

अभय अजून स्टेजजवळ उभा होता. त्यानं संस्कृतीकडं पाहिलं. ती आणि विशाखा एकाच बाटलीतून पाणी पीत बसल्या होत्या आणि विशाखा तिला सुताराची बॅट दाखवत होती. त्याची मान खाली गेली.

“कडुबाभाऊ,” तो म्हणाला, “तुम्हाला घरी मी सोडतो. चूक आमची आहे.”

पाचला फायनल झाली. पूर्ण अकरा पॉइंटची! सुकेशनीबाई अंपायर आणि चेंडू आणायला सचिव अभय. कुंपण नसल्यानं चेंडू थेट रस्त्यावर जातो, हे सचिवांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. विशाखा अकरा-आठनं जिंकली. संस्कृती हरली आणि सबंध दिवसात पहिल्यांदा खदखदून हसली. “आई, तिचा तो कोपऱ्यातला फटका पाहिलास का?” हेच ती तीनदा बोलली.

पुढं अभयनं अध्यक्षांना न विचारता सुकेशनीबाईंना घरी बोलावलं. स्पर्धा कशी घ्यायची ते त्या सांगत गेल्या, तो लिहीत गेला. नोव्हेंबरच्या स्पर्धेत समितीत पाचच जण होते आणि प्रत्येकाला हातानं करायचं काम होतं. कुणाची मॅच कधी हे आदल्या संध्याकाळी प्रत्येकाच्या फोनवर पोचलं. सातला पहिला चेंडू पडला, पहिल्या कोर्टवर, मुलींचा. सत्कार एकच झाला, शेवटच्या मॅचनंतर, अंपायरचा. विश्वजीतचं मन दुखावलं. त्यानं वेगळी समिती काढली. तिचा फ्लेक्स लागलाय. स्पर्धा अजून व्हायचीय.

वाचकहो, तुमच्या गल्लीतही अशी एखादी समिती असेलच. खेळ कुठलाही असो, जिथं पाहुण्यासाठी खेळाडू ताटकळतो तिथं स्पर्धा होत नाही, नुसती खुशामत होते. अशा मंडपात टाळ्या वाजवू नका. आणि आयांनो, लेकीला उन्हापासून जरूर जपा. पण ती मैदानावर आली असताना कुणी तिच्या हातात ताट दिलं, तर तिथंच, त्याच क्षणी ते काढून घ्या आणि ज्यानं दिलं त्याच्याच हातात ठेवा!