सहाव्या कॅमेऱ्यापुढची तार

सहाव्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून तिने ते हातातल्या छोट्या पडद्याला जोडलं आणि तिसऱ्याच फोटोवर तिचा अंगठा थांबला. कॅमेरे प्राण्यांसाठी गुडघ्याच्या उंचीवर बांधलेले, त्यामुळे माणूस समोर आला तरी त्याचे नुसते पाय मिळायचे. इथेही पायच होते. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या अंगाने झिजलेली, मांडीशी लोंबणारी पक्कड आणि जमिनीवर तारेचं भेंडोळं. वेळ आज सकाळची, सहा वाजून बारा मिनिटं.

त्या टाचेमागून चालतच ती हे राखीव जंगल शिकली होती. टाच मामाची होती. पायवाटा राखण्याचं काम करत त्याचे केस पिकले होते, आणि प्राणीगणतीच्या या नोकरीला त्यानेच तिला चिकटवलं होतं.

गेल्या महिन्यात अशीच एक तार याच उतारावर गळ्याच्या उंचीला ताणलेली होती. तिच्या धाकट्या भावाचा मित्र सायकलवरून भरधाव येऊन त्या तारेत सापडला. तिथे पहिली पोचली होती तीच. त्याच्या गळ्यातून दर श्वासाला रक्ताचे बुडबुडे फुटत होते आणि ती दोन बोटांनी भोक दाबून पंचेचाळीस मिनिटं बसली होती. पोरगा जगला, आवाज मात्र गेला. तार कोणाची ते कोणालाच कळलं नाही. त्या दिवशी जेवताना मामा एवढंच म्हणाला होता, "पायी दिवशी सायकल घालायची कशाला? करावं तसं भरावं."

जंगलाचा नियमच तसा होता. एक दिवस पायी फिरणाऱ्यांचा, एक सायकलींचा. दोन वर्षांपूर्वी एका पायी दिवशी एक सायकलवाला मामीला उडवून न थांबता निघून गेला. आवाज होऊ नये म्हणून त्याने घंटीला फडकं गुंडाळलं होतं. मामीचं खुब्याचं हाड मोडलं, ती तेव्हापासून अंथरुणावर.

आजचा दिवसही पाटीप्रमाणे पायीच होता. पण गणतीसाठी तिला उद्या जंगल शांत हवं होतं, म्हणून कचेरीच्या मागे लागून तिनेच दोन्ही दिवसांची अदलाबदल करून घेतली होती. निरोप सगळ्यांच्या फोनवर गेला होता. मामाचा फोन मामीच्या उशाशी असतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तिने घड्याळ पाहिलं. आठ वाजून नऊ मिनिटं. वरचं फाटक आठला उघडतं. तिथून इथवर तिच्या भावाला, भिंगरीला, चौदा मिनिटं लागतात, आणि भिंगरी कधीच दुसरा येत नाही.

ती चढ धावत सुटली.

तार दोनशे पावलांवर, वळणाच्या अलीकडे, दोन खोडांमध्ये ताणलेली होती. नुसत्या नजरेला दिसतही नव्हती. शेजारच्या दगडावर मामा बसला होता. पायी येणाऱ्यांना तो 'पुढे झाड पडलंय' म्हणून दुसऱ्या वाटेला लावत असे. निरपराध माणसाला ओरखडासुद्धा उठू नये, याची त्याला फार काळजी.

"तू कशाला कडमडलीस इथे?" मामा उठला.

"मामा, तार काढा! आज सायकलींचा दिवस आहे. गणतीसाठी बदललाय. मीच बदलून घेतलाय."

"पाटी वाचूनच आत आलोय मी."

"पाटी बदलायची राहिली! भिंगरी येतोय वरून!"

मामाचा चेहरा आवळला. "म्हणजे तोही त्यातलाच. आणि त्याला सोडवायला तू थापा मारतेस. वा, मोजणीबाई! मामीला चमच्याने भरवतो ना मी, तेव्हा ये एकदा मोजायला."

"चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही!" म्हणत ती तारेच्या पिळाकडे झेपावली. पीळ नख घुसणार नाही इतका घट्ट होता. मामाने तिची वेणी धरून मागे खेचलं. ती पाठीवर आपटली, उठली आणि पक्कडीसाठी त्याच्या कमरेला भिडली. त्याने पक्कड उपसली आणि तिच्या मनगटावर हाणली. हाड वाजलेलं तिला स्वतःला ऐकू आलं. तिने त्याच्या दंडात दात रोवले, तोंडात खारट चव येईपर्यंत. मामा ओरडला आणि त्याने गुडघा तिच्या बरगडीत घातला.

खाली पडल्या पडल्या तिच्या डोक्यात हिशेब चालूच होता. वळणापासून तार अठरा मीटर. भिंगरीचा वेग सेकंदाला अकरा मीटर. त्याला तार दिसली तरी जेमतेम दीड सेकंद. इथून ओरडून भागणार नाही, वळणाच्या वर जायला हवं. ती चार पायांवर सरपटत निघाली. मामाने तिचा घोटा पकडला. तिने मोकळ्या पायाची टाच त्याच्या नाकावर मारली, एकदा, दोनदा. त्याच्या मिश्या लाल झाल्या, पण पकड सुटेना.

तेवढ्यात वरून घंटी आली. खणखणीत, लांबून, प्रत्येक वळणाला दोनदा. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी.

मामाचा हात सैल पडला. गेली दोन वर्षं तो या रानात कान लावून बसत होता. नियम मोडणारे कसे मुक्याने येतात, ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

"हे तर घंटी वाजवतायत," तो म्हणाला.

"मग काय सांगतेय मी मघापासून!"

तो उठून खोडाकडे पळाला. पक्कडीची पाती तारेवर लावली आणि अंगाचं वजन टाकलं. तार तुटली. एवढ्या ताणाची तार तोंड बाजूला न करता तोडू नये, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. सुटलेलं टोक सापासारखं उलटलं आणि त्याच्या कपाळापासून गालापर्यंत उभं गेलं. मामा आवाज न करता गुडघ्यांवर बसला. डाव्या डोळ्यावर धरलेल्या बोटांमधून रक्त कोपरापर्यंत ओघळलं.

त्याच क्षणी भिंगरी वळणावर दिसला. त्याने ब्रेक करकचून दाबले, मागचं चाक आडवं गेलं आणि तो दोन खोडांच्या पार पलीकडे जाऊन पालापाचोळ्यात आडवा झाला. उठला तो अख्खा. लोंबणारी तार पाहिली, मामाच्या हातातली पक्कड पाहिली, आणि त्याचे डोळे भरले.

"मामा! माझ्यासाठी तार तोडलीत तुम्ही?" तो धावत आला. गळ्यातला रुमाल सोडून त्याने घडी केली आणि मामाच्या डोळ्यावर दाबली. "ताई, कचेरीला धाड माणूस. मामा, हलू नका. तार बांधणारा सापडू दे, त्याचा गळाच घोटतो."

मामाने उरलेला डोळा तिच्याकडे वळवला. त्यात विनवणी नव्हती, नुसती वाट पाहणं होतं. तिचं मनगट सुजून वांग्याएवढं झालं होतं. बाकीच्या सायकली वळणावर थांबत होत्या.

"बांधलीही त्यांनीच," ती म्हणाली. "मागचीही."

भिंगरीचा हात रुमालावरून उठला नाही. बोटं मात्र पांढरी पडू लागली आणि मामाची मान हळूहळू मागे झुकून खोडाला टेकली.

"भिंगरी, हळू," ती म्हणाली.

त्याने दाब कमी केला नाही. आणि मामाही हात सोडवायला गेला नाही. शेवटी तिनेच धड हाताने भावाचं एकेक बोट उचललं, रुमाल स्वतःच्या तळव्याखाली घेतला आणि वर थांबलेल्या सायकलवाल्यांना ओरडून सांगितलं, डॉक्टर बोलवा, आणि पोलीसही.