नांदायला

“काही झालं तरी मला विचारल्याशिवाय परत जाऊ नका हं,” वकीलबाईंनी बजावलं होतं. ती हसली होती. “छे हो, आता कसली जाते!”

मित्रांनो, मी तिची जुनी प्रवासी बॅग. दुकानदाराने मला फरशीवर आपटून दाखवलं होतं, “बघा ताई, ओरखडासुद्धा नाही!” लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात तिच्या नवऱ्याने मला एका हाताने उचललं, तेव्हा ती त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिली. पुढे तोच हात तिच्यावर उठू लागला. एकदा कडेवर लेक, चिमणी, असताना उठला. तेव्हा मात्र तिने मला भरलं, माहेर गाठलं आणि घटस्फोटाचा अर्ज केला. कारण, छळ.

मग चिमणीला ताप आला. ग्लानीत ती “बाबा, बाबा” करू लागली. नवरा दाराशी येऊन रडला. वकीलबाईंना विचारायचं भानच राहिलं नाही. आम्ही परत गेलो.

“आली का स्वारी? माहेर मानवलं नाही वाटतं!” सासूबाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा हात उगारला नाही, पण बोलणंच टाकलं. दार आपटलं की ती चिमणीला छातीशी धरायची. कपाटात जागा होती, तरी तिने मला रिकामं केलं नाही. धुतलेले कपडे, इवले मोजे, तापाचं औषध, सगळं परत माझ्यातच. काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा माहेरी आलो.

कोर्टात चिमणीचं सामान घेऊन मी तिच्या आईच्या पायाशी होते. नवऱ्याच्या वकिलाने विचारलं, “परत कशाला गेला होतात?”

“नांदायला.” सासरी जाण्याला तिच्या घरात दुसरा शब्दच नव्हता.

“आपणहून?”

“हो.”

वकीलबाईंनी डोळे मिटले.

“छळ झाला हे पटतं,” न्यायाधीश निकालात म्हणाले. “पण नंतर तुम्ही आपणहून नांदायला गेलात, म्हणजे झालं गेलं माफ केलंत. त्यापुढच्या छळाचा पुरावा नाही. अर्ज फेटाळला.”

“अहो, पण मी माफ कधी केलं?” तिने बाहेर येऊन विचारलं.

“भीत भीत राहिले, एवढं बोलला असतात तर ती माफी ठरली नसती,” वकीलबाई म्हणाल्या. “वरच्या कोर्टात जाऊ या.”

माझ्या पोटात तशाच राहिलेल्या कपड्यांच्या घड्यांना कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला कुठे वाचा आहे?

वर जायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. एका दुपारी नवरा आला. “हरलीस ना? चल आता. आणि ती बॅग नको. मेली सदा निघायच्या तयारीत!”

ती गेली. मी माळ्यावर राहिले. माझी चेन गंजली. ती कशी आहे, मला कळत नाही.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असं मी सांगणार होते. राहू द्या. तुमची कुणी आत्या, मावशी, शेजारची ताई अशी परत गेली असेल, तर मोठ्यांना घेऊन आजच तिच्याकडे जाऊन या. फोनवर ती “मजेत आहे” म्हणेल. जवळ कुणी उभं असलं की तसंच म्हणावं लागतं. तिच्यासमोर बसा, आणि ती खरं बोलेपर्यंत उठू नका.