सिहोऱ्याची बदली

"तीन सांग," सुखदा म्हणाली.

जबलपूरच्या सदर बाजारातल्या मिठाईच्या दुकानासमोर गाडी उभी होती. विनताने खिडकीतूनच दोन खवा जिलब्या मागितल्या होत्या. स्टीअरिंगवरचा हात तिने काढला नाही.

"ते सिहोऱ्याला अडकलेत ना गं. बँकेचं काम निघालं. सांगितलं होतं तुला."

"सांगितलंस की. पण वाटेत आले तर? भावजींना आवडते म्हणालीस." सुखदाने दुकानदाराला तीन बोटं दाखवली. "भैया, तीन."

तिसरा द्रोण तिने मागच्या सीटवर ठेवला. कोणी बसलं असतं तर त्याच्या हाताला लागला असता, असा.

विनता सिविल लाइंसमधल्या एका सरकारी कार्यालयात नकला द्यायच्या खिडकीवर बसते. नक्कल मूळ कागदाशी ताडून पाहायची आणि खाली 'सत्य प्रतिलिपि'चा शिक्का मारायचा. नोकरीत तिच्या हातून कधी चुकीचा कागद गेला नाही. लॉकडाऊनमध्ये तिने ऑनलाइन कशिद्याचा वर्ग लावला, तिथे देवरुखची सुखदा भेटली. दर रविवारी फोन सुरू झाले. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये विनताचे यजमान, अनुपम, आठवड्याच्या आत गेले. तेरावं झालं आणि रविवारी सुखदाने नेहमीसारखं विचारलं, "भावजी कसे आहेत?"

"बरे आहेत," विनता म्हणाली.

मग ते बरेच राहिले. फोनवर त्यांची दाढ काढली, चष्म्याचा नंबर वाढला, बँकेने सिहोऱ्याच्या शाखेत बदली केली. बोलता बोलता विनता ओट्यावर दोन कप मांडायची, जरा वाजवूनच. पलीकडे आवाज जायला हवा. सुखदाचे यजमानही फोनवर कधी आले नाहीत. ते सदानकदा कलमांच्या बागेत असत, त्यामुळे विनताला ते सोयीचंच पडलं.

जबलपुरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. अनुपम फक्त देवरुखात जिवंत होते. आणि आता सुखदा नर्मदेची ओटी भरायला म्हणून शनिवार-रविवार गाठून आली होती. विनताने हार घातलेला फोटो गादीखाली सरकवला होता. सुखदाला खरं कळताच अनुपम पुन्हा जाणार होते, आणि या खेपेला कुठेच उरणार नव्हते.

भेडाघाटच्या रस्त्यावर विनताने एका ट्रकला मागे टाकलं.

"हळू घे गो," सुखदा म्हणाली. "भावजी घाबरतायत."

"कोण?"

"मागून सारखा पाय दाबतायत. तिथे ब्रेक असल्यासारखा."

विनताने वेग कमी केला. ती गाडी चालवायची तेव्हा अनुपम खरंच असा पाय दाबत. हे तिने फोनवर सांगितलं होतं का? सांगितलं असेल. इतक्या वर्षांत काय काय सांगितलं, त्याची मूळ प्रत कुठे होती ताडून पाहायला?

"काहून मजा करून राहिली माझी?"

"छे गो. मजा कशाला करीन?" सुखदा बाहेर बघत होती. तिचा चेहरा हसरा नव्हता.

विनताने मधल्या आरशात पाहिलं नाही. मागून येणाऱ्या गाड्या तिने बाजूच्या आरशांवरच सांभाळल्या.

भेडाघाटला सुखदाने पुढे जाऊन नाव ठरवली. नावाडी तीन लाइफ जॅकेट घेऊन आला.

"सवारी तो दो हैं," विनता म्हणाली.

"इन्होंने तीन बोला, दीदी." त्याने खांदे उडवले.

सुखदाने तिसरं जॅकेट शेवटच्या फळीवर उभं ठेवलं आणि त्याचं बक्कल लावलं. नाव संगमरवराच्या कड्यांमध्ये शिरली. नावाडी यमकं जुळवून एकेका कड्याची ओळख करून देत होता, दोघी हसतही होत्या. पुढच्या वळणावर पाणी काळं आणि मुकं झालं, आणि नाव एका बाजूला किंचित कलली.

"बीच में हो जाइए ज़रा," नावाडी मागे न बघता म्हणाला.

दोघी आधीच मध्ये बसल्या होत्या. नाव सरळ झाली. मागे वळून पाहण्याचं धाडस विनताला झालं नाही.

घाटावर सुखदाने पिशवीतून खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं काढली आणि नदीची ओटी भरली. मग कुंकवाचं बोट घेऊन ती विनताकडे वळली. विनता एक पायरी मागे सरली.

"मला राहू दे."

"काहून?" सुखदाने तिचाच शब्द उचलला.

याला एकच खरं उत्तर होतं, आणि ते विनताच्या जिभेवर आलंही होतं. सुखदाने तिच्या खांद्यावरून वरच्या पायऱ्यांकडे पाहिलं, घरातल्या माणसाला विचारावं तसं. मग मान हलवली आणि बोट विनताच्या कपाळाला टेकवलं.

"आता मला लाव."

विनताने कुंकू लावलं. सुखदाने डोळे घट्ट मिटून घेतले होते, सुई टोचून घेणाऱ्या माणसासारखे.

परतीच्या वाटेवर एक म्हैस आडवी आली. विनताने ब्रेक लावला आणि मागे, पायाखालच्या रबरी मॅटवर, टाच आपटल्याचा आवाज झाला. एकदाच. विनताने नंतर गाडी फार जपून चालवली.

रविवारी स्टेशनवर सुखदाने तिला मिठी मारली. "येते गो." मग तिने विनताच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि धरून उभी राहिली. काही राहिलं असेल, असं विनताला वाटलं. पण पिशवी तर तिच्या हातातच होती.

"चला," सुखदा हळूच म्हणाली आणि दार लावलं.

घरी येताना सिग्नलवर विनताने मुद्दाम करकचून ब्रेक दाबला. मागे काहीच झालं नाही. तिसरा द्रोण तेवढा घसरून खाली पडला.

मंगळवारी संध्याकाळी फोन आला. विनताने सवयीने दोन कप मांडले.

"पोचलो गो आम्ही."

"आम्ही?"

"म्हणजे काय, भावजी नाहीत का? ह्यांच्याबरोबर बागेत गेलेत. हे त्यांना कलमं दाखवतायत. आता हाक मारली तरी यायचे नाहीत दोघं."

पलीकडे कप वाजले. एक, मग दुसरा, मग तिसरा. जरा वाजवूनच मांडलेले. विनता ऐकत राहिली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, पिणारं कोणी नसलेल्या कपांचा.

"चपला घातल्यात ना त्यांनी?" तिने विचारलं. "काट्याकुट्यात चालायची सवय नाही त्यांना."

"ह्यांच्या दिल्यात. बरोब्बर बसल्या."

"साखर कमी टाकजो."

"ठाऊक आहे मला."

फोन ठेवला तेव्हा ओट्यावर दोन्ही कप तसेच होते. विनताने एकात चहा गाळला. दुसरा कोरडाच होता. तरी तिने तो धुतला, फडक्याने पुसला आणि वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या भांड्यांमागे, पालथा घालून ठेवला.