सुटली म्हण

धन्याला वाळूजच्या कारखान्यात वॉचमनकी लागली, तवा फुलंब्रीकडून बजाजनगरात आलो. सोबत भांडी, गोधड्या आन् एक गोटा. मेंढरामागं हिंडायचे तवापासून धनी रोज सकाळी तो उचलायचे, मणभराचा काळा दगुड. एसटीत कंडक्टर म्हणला, "मामा, ह्याचं हाफ काढू का फुल?" मला मेल्याहून मेल्यावानी झालं.

खोली ती केवढी, त्यात हा दगुड. लई भांडले मी. पण खरं सांगते, दिवसभर खुर्चीवर बसून आंबलेला माणूस सकाळी दहा येळा गोटा खांद्यावर घ्यायचा आन् हसत च्या मागायचा. पन्नाशी उलटली तरी झोप गाढ, गुडघं धड, चिडचिड नाय. "म्हाळसे, गोटा उचलला की डोकं थाऱ्यावर येतं," म्हणायचे.

मग दिवाळीत त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणले, "जड उचलायचं नाही. बाकी कागदावर लिहिलंय. दोन महिन्यांनी दाखवायला या." आमी दोघं अंगठाबहाद्दर. कागद ट्रंकेत टाकला.

दाखवायला निघालो, तर बस नाय. त्याच दिवशी विद्यापीठाचं नामांतर झालं होतं, शहरात बंदोबस्त. शेजारच्या फकिराभाऊनं हातावर पेढा ठेवला. सोळा वर्षं त्यापायी लाठ्या खाल्लेला माणूस, बोलताना रडत होता. आमी पेढा खाल्ला आन् घरी बसलो. मग आज जाऊ, उद्या जाऊ, राहूनच गेलं.

गोट्याला मी हात लावू देईना. "उचलला तर माझ्या गळ्याची शप्पत." ते म्हणायचे, "सुटली म्हण की गं." मी कशाची म्हणते! पाण्याची बादलीसुदिक उचलू दिली नाय. लई जपलं मी त्यांना.

तीन वर्षांत मांड्या सुकल्या. झोप उडाली, बारीकसारीक गोष्टीवरून खेकसायला लागले. उठताना भिताडाला धरायचे. "सुटली म्हण, म्हाळसे," हळूच म्हणायचे. शेवटी शेवटी तेबी सोडलं. पोळ्याला मोरीत तोल गेला, खुबा मोडला. त्या अंथरुणातून उठलेच नाय. महिन्यात गेले.

परवा दाखल्यापायी ट्रंक उपसली. फकिराभाऊ कागद वाचत होता, एका कागदापाशी थांबला. म्हणलं, काय लिव्हलंय? त्यानं खाली मान घालून वाचलं, "दोन महिने जड उचलू नये. त्यानंतर थोडं थोडं वाढवत पूर्वीसारखं वजन उचलावं. अंगातली ताकद जाऊ देऊ नये."

"वहिनी, त्या दिवशी पेढा द्यायला आलो तवाच दाखवला असता तर..." म्हणला. त्याचा काय दोष. धन्याचं नाव घेत, कडुबाभाऊ कडुबाभाऊ करत लेकरावानी रडला.

तो गेल्यावर कोपऱ्यातल्या गोट्यापाशी बसले. धूळ पदरानं पुसली. उचलून बघितला, माझ्यानं जागचा हललाबी नाय.

"सुटली," म्हणलं. "धनी, सुटली."