दमलेला श्वास, पडलेले हात

मिस्त्रींच्या हातांचा घरादाराला भारी अभिमान. छताचा गिलावा म्हणजे मान वर, हात वर, तासन् तास. पण बावीस वर्षांत त्या हातांनी कधी कुरकुर केली नव्हती. म्हणूनच त्या सकाळी थापी बोटांतून कशी निसटली, हे त्यांना स्वतःलाच कळेना. थापीपाठोपाठ मालाने भरलेलं घमेलंही धक्का लागून परांचीवरून घसरलं आणि खाली माल द्यायला उभ्या मेहुण्याच्या कानाला चाटून फरशीवर आदळलं.

"अहो दाजी, जीव घेता का काय?" मेहुणा पांढराफटक पडला होता.

मिस्त्री परांचीवरच मटकन बसले. हात शिशाचे झालेले आणि छाती भात्यासारखी वरखाली.

डॉक्टरांनी हृदय तपासलं, ठणठणीत. हात तपासले, तेही ठणठणीत. मग मिस्त्रींनी स्वतःच निदान केलं: हात आळसावलेत! महिनाभर रोज वाळूच्या बादल्या उचलल्या, पण हात आणखीच लवकर गळायला लागले. शेवटी बायकोने दवाखान्यातल्या व्यायामतज्ज्ञ बाईंकडे ओढतच नेलं.

"गेल्या वर्षात मोठं आजारपण?" बाईंनी विचारलं.

"छे!"

"न्यूमोनिया," बायको म्हणाली. "तीन आठवडे अंथरुणावर. तेव्हापासून बोलता बोलता मध्येच थांबतात. विचारलं की अंगावर येतात."

बाईंनी हातांनी फिरवायची सायकल पुढे केली. मिस्त्रींनी हात थकेपर्यंत नऊ मिनिटं ती गरागरा फिरवली. दोन दिवसांनी परत बोलावलं. या वेळी हात मांडीवर ठेवून नुसतं बसायचं, नाकाला चिमटा लावायचा आणि घट्ट स्प्रिंगमुळे हवा जेमतेम येणाऱ्या नळीतून तोंडाने श्वास ओढायचा. पंधरा मिनिटांत मिस्त्री घामाघूम. लगेच हातसायकल. चौथ्या मिनिटाला हात जे थांबले, ते हलेचनात.

"यंत्र बिघडलंय," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी एका हाताने सायकल सहज फिरवून दाखवली. "यंत्र तेच, जोर तेवढाच."

"पण हातांनी तर काहीच केलं नव्हतं! मांडीवर पडून होते!" मिस्त्री आपल्याच हातांकडे परक्यासारखे बघत राहिले.

"न्यूमोनियाने तुमचे श्वासाचे स्नायू कमजोर झालेत. ते दमले की शरीर रक्त आधी त्यांना पुरवतं, हातांच्या वाट्याला कमी येतं. त्यात हात वर धरले की छाती-खांद्याच्या स्नायूंना दुहेरी चाकरी. हातही सावरायचे, श्वासही ओढायचा."

"म्हणजे मी महिनाभर चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो?" मिस्त्री कसेबसे हसले, पण हसू ओठांवरच विरलं. धाप तर आजारपणापासूनच लागत होती. तसेच ते रोज परांचीवर चढत होते, आणि खाली रोज मेहुणा उभा असायचा. घमेलं वीतभर इकडे पडलं असतं तर?  बायकोने बाईंकडून ती नळी घरी न्यायला मागून घेतली.

त्यानंतर सकाळ-संध्याकाळ तीस-तीस श्वास, त्याच नळीतून. बायको मोजायची, चुकवू द्यायची नाही. दोन महिन्यांनी हातसायकल अकरा मिनिटं चालली.

त्यानंतरच्या पहिल्या कामावर मिस्त्रींनी घरमालकाला आपणहून सांगितलं, "दोन दिवसांचं काम आहे, मला तीन लागतील. मध्ये मध्ये हात खाली घेऊन दम खाणार आहे."

मालकाने मान डोलावली. मेहुण्याला दाराबाहेर उभं करून मिस्त्री परांचीवर चढले.