अँटेनाचं तोंड

सकाळपासून सेक्रेटरींचा पाय घरात ठरत नव्हता. बाल्कनीत जायचे, मान वर करून गच्चीकडे बघायचे, परत येऊन खुर्चीत टेकायचे आणि चटका बसल्यासारखे उठायचे. आज संध्याकाळी त्यांची लेक पहिल्यांदाच टीव्हीवर बातम्या सांगणार होती, आणि नेमकी त्यांच्याच टीव्हीवर ती दिसणार नव्हती.

याला जबाबदार कोण? तर खुद्द सेक्रेटरी. सगळ्या बिल्डिंगला मिळून गच्चीवर एकच अँटेना. त्याचं तोंड शहराच्या टॉवरकडे केलं की फुकटात ढीगभर चॅनल, वर मॅचसुद्धा. टेकडीवरच्या टॉवरकडे केलं की गावातलं एकुलतं एक लोकल चॅनल. मीटिंगमध्ये सगळ्यांनी शहर ठरवलं. तरी कुणी ना कुणी गुपचूप वर जाऊन पाना चालवायचंच. शेवटी सेक्रेटरींनी कानस घेतली आणि अँटेना पाइपला आवळणाऱ्या क्लॅम्पच्या नटाचे कोपरे घासून तो गोटीसारखा गुळगुळीत केला. "आता फिरवा म्हणावं!"

लेकीला लोकल चॅनलवर नोकरी लागली, तेव्हाही या शहाण्यांना गप्प बसवलं नाही. "तिथं तुला बघणार कोण?" म्हणाले. ती एवढंच म्हणाली, "तुमची बिल्डिंग तर नाहीच, बाबा." तेव्हापासून तिचे फोन फक्त आईला. बोललेलं परत गिळता येत नाही, याचा त्यांना रोज त्रास व्हायचा.

"अहो, वेळ होत आली," बायको म्हणाली. "येरझाऱ्या घालून फरशी झिजवलीत. त्यापेक्षा वर जा ना!"

ते पाना घेऊन वर गेले. पाना नटावरून सटकला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला, बोटं तेवढी सोलली. स्वतःच्या हुशारीला त्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या. मग पाना दिला फेकून, पाइपला मिठी मारली आणि होतं नव्हतं ते बळ लावून अख्खा पाइपच पिळला. तोंड टेकडीकडे वळलं.

"आली! आली हो!" खिडकीतून बायको ओरडली.

त्यांनी आनंदाने हात सोडले. तशी पाइपला आधाराला बांधलेल्या ताणाच्या तारांनी त्याला मागे खेचलं.

"गेली!"

म्हणजे धरूनच उभं राहायला हवं. त्यांनी पुन्हा पिळला आणि पाय रोवले. लेक आली, पण ती खाली आणि बाप वर. एव्हाना बिल्डिंगभर आरडाओरडा सुरू झाला होता, कारण मॅचची फायनल चालू होती. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर धाडधाड जिना चढून आले.

"कोण आहे रे तो? सेक्रेटरी! तुम्ही?"

"लेक बातम्या सांगतेय," सेक्रेटरी धापा टाकत म्हणाले. "सोडलं की जाते."

डॉक्टरांचा राग तोंडातच राहिला. "मग तुम्ही बघणार कधी?"

सेक्रेटरींचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता.

"द्या इकडे," डॉक्टर म्हणाले.

या अँटेनाला सेक्रेटरींनी कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. क्षणभर ते घुटमळले. मग पाइप डॉक्टरांच्या हातात देऊन जिन्याकडे धावले. बायकोने तोवर खिडकीतून सगळ्यांना चॅनलचा नंबर ओरडून सांगितला होता. मजल्यामजल्यावर दारं उघडी होती आणि प्रत्येक घरातून लेकीचाच आवाज येत होता. ते अर्धेमुर्धे शब्द ऐकत खाली उतरत राहिले.

घरात पोचले तर तिच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले होते. ते खिडकीतून ओरडले, "डॉक्टर, जरा डावीकडे! बस्स, बस्स!" चेहरा जुळला. कपाळावर आठी घालून ती पाणीपुरवठ्याची बातमी वाचत होती. ती आठी यांचीच होती. शेवटचा नमस्कार होईपर्यंत ते उभेच राहिले.

थोड्या वेळाने फोन वाजला. बायकोने तो सरळ त्यांच्या हातात दिला.

"बाबा?" लेक जपून म्हणाली. "दिसले का मी?"

"दिसलीस. अख्ख्या बिल्डिंगला दिसलीस."

"पण आज फायनल आहे ना?"

"आहे की," सेक्रेटरी म्हणाले. वर डॉक्टरांनी पाइप अजून सोडला नव्हता.