ताईची गाडी नक्की कुठली

मेकॅनिकने इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि ताईकडे असं पाहिलं, जणू तिनेच आतला पट्टा रात्रभर कुरतडला होता.

"मॅडम, टायमिंग बेल्ट पार गेलाय. भेगा बघा. धावताना तुटला तर इंजिनाचा खुळखुळा होईल."

"कसं शक्य आहे? गेल्या वर्षीच बदललाय. तुमच्याकडेच. दोन वर्षांची वॉरंटी आहे," ताई म्हणाली. ती फिजिओथेरपिस्ट. घरोघर जाऊन लोकांना पुन्हा चालायला लावायची, त्यामुळे गाडी बसली की तिचे सगळे पेशंटही बसणार.

"हा आमचा नाही. नवा पट्टा टाकला की आम्ही झाकणाच्या आत पिवळ्या रंगाने किलोमीटर लिहितो. इथे साधा ठिपका नाही."

"रंग उडाला असेल."

"रंग उडाला, आणि त्याच्यासोबत नवा पट्टाही उडाला?"

गेल्या वर्षी काम चालू असताना तिथल्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तिने चहा प्यायला होता, तिला स्पष्ट आठवत होतं. मेकॅनिकने कॉम्प्युटरमध्ये शोधलं. तिच्या फोन नंबरवर काम झालेलं होतं. मॉडेल हेच, रंग हाच, पांढरा. फक्त गाडीचा नंबर भलताच. ताईच्या डोक्याचं पार भजं झालं. मग त्या दिवशी ती कुणाची गाडी घेऊन आली होती? चोरीची?

घरी सोडायला म्हणून तिने धाकट्या भावाला बोलावलं. ढब्बू त्याचं लाडाचं नाव, आणि तो ते सार्थ करत हळूहळू गाडीतून उतरला. मेकॅनिकने त्याची नंबर प्लेट पाहिली, कॉम्प्युटर पाहिला, आणि न विचारताच बॉनेट उघडून झाकण काढलं. आत पिवळे आकडे ऐटीत बसले होते.

"ढब्ब्या, माझा बेल्ट तुझ्या गाडीत काय करतोय?"

"मला काय विचारतेस? बेल्ट कुठे असतो हेच मला आत्ता कळलं."

मग हळूहळू उलगडलं. दोन घेतल्या तर सूट मिळते म्हणून दोघांनी एकसारख्या गाड्या घेतलेल्या. आईच्या घरासमोर जागा चिंचोळी, गाड्या एकामागे एक लागायच्या. जो आधी निघेल त्याने मागची न्यायची, हा घरचा नियम. परत बदलायचं कधी लक्षात राहायचं, कधी नाही.

"म्हणजे माझी वॉरंटी?" ताईने विचारलं.

"वॉरंटी गाडीला असते, मॅडम. ह्यांच्या गाडीला आहे. आणि तिचा पट्टा ठणठणीत आहे."

"मी ह्याच्या गाडीला नवा बेल्ट घातला, आणि वर्षभर मी जुन्यावर फिरले?"

"तू माझ्या गाडीला घातलास ना, मग तुझ्या गाडीला मी घालतो," ढब्बू म्हणाला. "फिटंफाट. काम होईपर्यंत माझी ने. पेशंटना ताटकळत ठेवू नकोस."

ताईचा जीव भांड्यात पडला. मेकॅनिकने दोन्ही गाड्यांची झाकणं बसवली, बॉनेटं पाडली. भावाची किल्ली मुठीत घेऊन ती झपझप निघाली आणि एका पांढऱ्या दाराशी थांबली.

मेकॅनिक आडवा आला. "मॅडम, ही नाही. ती."

"मला माहीत होतं," ताई म्हणाली, आणि दुसरीकडे वळण्याआधी तिने हळूच भावाकडे पाहिलं. तो मान खाजवत दोन्ही गाड्यांकडे बघत होता.